वाचकांचे प्रश्न : टॅब्लेट निवडताना

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल आणि शोधनिबंध पीडीएफमध्ये वाचून त्यांवर हाताने शेरे लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. उरलेल्या वेळात माझी मुलगी त्याच टॅबवर चित्रे काढणार आहे. अ‍ॅपलचा २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा आयपॅड आणि त्याच वर्षीचा सॅमसंग गॅलेक्सी टॅब एस१० एफई अशा दोन टॅबपर्यंत माझी निवड आली आहे. दोघांची वैशिष्ट्ये समोरासमोर मांडून मी तक्ता केला. त्यात बहुतेक ओळींत दुसऱ्या टॅबचे आकडे मोठे दिसतात, आणि तरीही ओळखीचे बरेच लोक पहिलाच घ्या असे सांगतात. तक्त्यावर विश्वास ठेवावा की लोकांवर?
— एक प्राध्यापिका

उत्तर : तक्ता करण्याची आपली पद्धत योग्यच आहे, मात्र त्यातले आकडे एका मापात आणल्याशिवाय त्यांची तुलना करू नये. कंपन्या आपापल्या सोयीची मापे छापतात आणि तक्त्यात ती शेजारीशेजारी बसली की तुलना झाल्यासारखे वाटते.

पडद्यापासूनच सुरुवात करू, कारण आपले काम वाचनाचे आहे. आयपॅडचा पडदा कंपनी ११ इंची म्हणते, पण तो कर्णाने १०.८६ इंच आहे; सॅमसंगचा १०.९ इंच आहे. कर्णाचा आकडा पाहिला तर दोन्ही पडदे सारखे, किंबहुना सॅमसंगचा किंचित मोठा. परंतु कर्ण हे लांबी-रुंदीचे माप नव्हे. आयपॅडच्या पडद्यावर २३६० बाय १६४० बिंदू आहेत आणि सॅमसंगच्या पडद्यावर २३०४ बाय १४४०, म्हणजे पहिल्याचा आकार चौकोनाकडे झुकणारा आणि दुसऱ्याचा लांबट आहे. यावरून हिशेब केला तर आयपॅडचा पडदा सुमारे २२.७ बाय १५.८ सेंटिमीटर भरतो आणि सॅमसंगचा २३.५ बाय १४.७. टॅब उभा धरून ए४ आकाराचे पान पूर्ण रुंदीने उघडले, तर आयपॅडवर ते मूळ पानाच्या साधारण ७५ टक्के रुंदीचे दिसेल आणि सॅमसंगवर ७० टक्के. शिवाय सॅमसंगवर पानाच्या वरखाली मिळून अडीच सेंटिमीटरहून अधिक जागा रिकामी राहील. आडव्या पडद्यावर चलचित्र पाहायचे असेल तर हेच गणित उलटते आणि लांबट पडद्यावर चित्र थोडे मोठे दिसते. आपल्या यादीत चलचित्रे नाहीत, म्हणून या ओळीत आयपॅडला गुण द्यावे लागतील.

७५ आणि ७० यांमधला फरक डोळ्यांना किती जाणवेल, हे मी येथून सांगू शकत नाही. ते प्रत्येकाच्या नजरेवर आणि टाइपाच्या आकारावर अवलंबून असते. मात्र त्याची परीक्षा घरी करता येते. आपल्या विद्यार्थ्यांच्या अहवालातले एक पान ७५ टक्के आणि ७० टक्के अशा दोन आकारांत छापून घ्यावे आणि नेहमीच्या अंतरावरून दोन्ही पाने वाचून पाहावीत. तळटिपा आणि कोष्टके असलेले पान निवडावे, कारण अडचण येते ती तेथेच.

आता बॅटरी. सॅमसंगच्या माहितीपत्रकात ८००० एमएएच असा आकडा आहे, आणि आयपॅडच्या पत्रकात २८.९३ वॉट-तास. पहिले माप विद्युतभाराचे आहे आणि दुसरे ऊर्जेचे, त्यामुळे ८००० हा आकडा २८.९३ च्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही. टॅबमधील लिथियम बॅटरीचा दाब सुमारे ३.८ व्होल्ट धरला, तर ८००० एमएएच म्हणजे साधारण ३० वॉट-तास. दोन्ही टॅबमध्ये जवळजवळ सारखीच ऊर्जा साठते, तेव्हा ही ओळ तक्त्यातून खोडून टाकली तरी चालेल.

कोअर म्हणजे चिपमधले काम करणारे स्वतंत्र भाग; त्यांच्या संख्येचेही तसेच आहे. सॅमसंगच्या एक्सिनॉस १५८० या चिपमध्ये आठ कोअर आहेत आणि या आयपॅडमधल्या ए१६ मध्ये पाच. पण आठांतले चार कोअर वीज वाचवण्यासाठी मुद्दाम कमी ताकदीचे ठेवलेले असतात, आणि ए१६ चा एकेक मोठा कोअर एक्सिनॉसच्या मोठ्या कोअरपेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे. ए१६ ही मूळची २०२२ च्या आयफोन १४ प्रोमधली चिप असूनही ही स्थिती आहे. पीडीएफ वाचणे आणि शेरे लिहिणे या कामांना दोन्ही चिप पुरून उरतात. शेकडो पानांचा स्कॅन केलेला अहवाल भराभर चाळताना आयपॅड पुढे राहील, एवढेच.

हर्ट्झची ओळ मात्र खरोखर तुलना करण्याजोगी आहे. आयपॅडचा ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो आणि सॅमसंगचा ९० हर्ट्झचा दर ११.१ मिलिसेकंदांनी. पान सरकवताना आणि पेनाने लिहिताना शाई टोकाच्या किती मागे राहते यात हा फरक जाणवतो, आणि येथे सॅमसंग पुढे आहे.

आपल्या निर्णयाचा खरा भार ज्यावर आहे, त्या पेनाची ओळ आपल्या तक्त्यात नाही. गॅलेक्सी टॅब एस१० एफईच्या खोक्यातच एस पेन मिळतो. लिहिण्यासाठी तो चार्ज करावा लागत नाही आणि हाताचा दाब कमीजास्त झाला की रेघ बारीक-जाड होते. आयपॅडसोबत पेन मिळत नाही. ए१६ च्या आयपॅडवर दोन प्रकारच्या अ‍ॅपल पेन्सिली चालतात. यूएसबी-सी जोडाची पेन्सिल कमी किमतीची आहे, पण तिला हाताचा दाब ओळखता येत नाही. शेरे लिहायला ती पुरेशी आहे. चित्रे काढणाऱ्या मुलीला मात्र पहिल्या दिवशीच ही उणीव भासेल. पहिल्या पिढीची पेन्सिल दाब ओळखते, परंतु तिचा जोड जुन्या लाइटनिंग प्रकारचा असल्याने टॅबशी जुळवण्यासाठी आणि चार्ज करण्यासाठी वेगळा अडॅप्टर सांभाळावा लागतो. याशिवाय या आयपॅडची काच आणि खालचा पडदा एकमेकांना चिकटवलेले नाहीत, त्यामुळे पेनाचे टोक आणि उमटणारी रेघ यांच्यात बारीकसे अंतर दिसते. काहींना त्याची सवय होते, काहींना होत नाही.

म्हणून किंमत पाहताना टॅबची किंमत पाहू नये. टॅब, पेन, कव्हर आणि लागणार असल्यास कीबोर्ड, या सगळ्यांची बेरीज पाहावी. जाहिरातीतली किंमत ही बेरीज दाखवत नाही, आणि खरेदीनंतर होणारा मनस्ताप बहुतेक वेळा येथूनच सुरू होतो.

आपल्या गरजेपुरते माझे मत असे : पानांची परीक्षा करून ७० टक्क्यांचे पान आपल्याला सहज वाचता आले, तर गॅलेक्सी टॅब घ्यावा. दाब ओळखणारे पेन सोबत येते, ९० हर्ट्झचा पडदा लिहायला अधिक बरा वाटतो, आणि आयपी६८ दर्जामुळे धूळ आणि सांडलेले पाणी यांपासून त्याला संरक्षण आहे, जे घरात मुले टॅब वापरणार असतील तेव्हा महत्त्वाचे ठरते. ते पान वाचताना डोळ्यांना ताण पडला, तर इतर सर्व मुद्दे बाजूला ठेवून आयपॅड घ्यावा, कारण हे काम आपल्याला रोज करायचे आहे. एकच गोष्ट आधी मुलीला विचारावी. प्रोक्रिएट हे चित्रकलेचे अ‍ॅप अँड्रॉइडवर मिळत नाही. ती ते शिकत असेल किंवा तिचे शिक्षक ते वापरत असतील, तर पहिल्या पिढीच्या पेन्सिलीसह आयपॅड घेण्यावाचून पर्याय नाही.

प्रश्न : १२८ जीबीचा टॅब पुरेल का? एका कंपनीच्या टॅबमध्ये मेमरी कार्ड घालता येते आणि दुसऱ्याच्या टॅबमध्ये येत नाही. केवळ एवढ्या कारणावरून निवड करावी का?
— एक वाचक

उत्तर : १२८ जीबी हा आकडा कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोजसारख्या प्रणालीने १०२४ च्या पटीत मोजले, तर तेवढीच जागा सुमारे ११९ भरते, आणि त्यातूनही प्रणाली स्वतःसाठी बरीच जागा घेते. दस्तऐवज, पुस्तके आणि थोडी छायाचित्रे यांना उरलेली जागा पुष्कळ आहे. चलचित्रांचे संपादन करणाऱ्याला किंवा मोठे खेळ खेळणाऱ्याला ती अपुरी पडेल.

मेमरी कार्डाबद्दल अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. कार्डावर चित्रपट, गाणी, छायाचित्रे आणि पीडीएफ उत्तम राहतात, पण बहुसंख्य अ‍ॅप आणि त्यांचा डेटा आतल्या साठ्यातच राहतो, आणि कार्डाचा वेगही आतल्या साठ्यापेक्षा बराच कमी असतो. ज्याला प्रवासात इंटरनेटशिवाय भरपूर चित्रपट पाहायचे आहेत, त्याला कार्डाची खाच खरोखर उपयोगी आहे. आयपॅडला कार्डाची खाच नाही, मात्र २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून बाहेरचा पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडून तिच्यातल्या फाइल उघडता येतात. बाजूला लोंबणारी वस्तू घेऊन प्रवासात वाचत बसणे सोयीचे नसते, हे खरे; घरी टेबलावर बसून काम करणाऱ्याला ती अडचण येत नाही. अ‍ॅपची संख्या मोठी असेल तर कार्डाच्या भरवशावर न राहता २५६ जीबीचा टॅब घ्यावा, कारण आतला साठा नंतर वाढवता येत नाही.

प्रश्न : मला साधारण सहा-सात वर्षे टॅब बदलायचा नाही. दोन कंपन्यांपैकी कोणाचे टॅब जास्त टिकतात?
— एक निवृत्त वाचक

उत्तर : टॅब मोडून निकामी होण्याआधी बहुधा त्याची प्रणाली जुनी होते, अद्ययावत करणे थांबले की आधी सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद होतात आणि मग एकेक अ‍ॅप नव्या आवृत्तीचा आग्रह धरू लागते. म्हणून ‘टिकणे’ याचा अर्थ अद्ययावत राहण्याची वर्षे असा घ्यावा.

सॅमसंगने टॅब एस१० एफईसाठी सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. २०२३ च्या टॅब एस९ एफईसाठी ते प्रणालीच्या चार आवृत्त्या आणि पाच वर्षांच्या सुरक्षा-दुरुस्त्या असे होते. दुकानात ही दोन्ही मॉडेल शेजारी ठेवलेली असतील आणि जुन्यावर सवलत असेल, तर त्या सवलतीचा हिशेब या वर्षांसह करावा. अ‍ॅपल विकताना वर्षांचा आकडा ठळकपणे जाहीर करत नाही, पण तिचा इतिहास समोर आहे : २०१४ चा आयपॅड एअर २ हा २०२१ च्या आयपॅडओएस १५ पर्यंत आणि २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड २०२४ च्या आयपॅडओएस १८ पर्यंत पोहोचला. यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी की वर्षांची मोजणी मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून होते, आपण विकत घेतले त्या दिवसापासून नव्हे.

बॅटरी झिजण्याचा प्रश्न वेगळा. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयपॅडची बॅटरी १००० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी तिची रचना असते. दिवसाआड एक आवर्तन धरले, तर पाच वर्षांहून अधिक काळ होतो. टॅब सतत चार्जरला जोडून ठेवू नये, आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास ती सुरू ठेवावी. सहा-सात वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागेल असे गृहीत धरून, त्या कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र आपल्याला जवळ आहे का हे आजच पाहून ठेवावे.

प्रश्न : फारसे नाव नसलेल्या कंपनीचा टॅब निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आणि त्याची रॅम व साठा नामांकित टॅबपेक्षा जास्त आहे. तो का घेऊ नये?
— एक विद्यार्थी

उत्तर : घेऊ नये असे नाही, पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय घेऊ नये. पहिली, छापलेल्या रॅमपैकी खरी किती? बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये साठ्याचा काही भाग रॅमसारखा वापरून तो आकडा मूळ रॅममध्ये मिळवून सांगितला जातो. दुसरी, साठा ईएमएमसी प्रकारचा आहे की यूएफएस? ईएमएमसी मंद असतो आणि अ‍ॅप उघडताना, अद्ययावत करताना तो सतत आडवा येतो. रॅम कितीही असली तरी ही मंदता जात नाही.

तिसरी गोष्ट आपल्या वयाच्या वाचकाला बहुधा सर्वांत जास्त खटकेल. चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा अँड्रॉइडवर वाइडवाइन नावाची संरक्षण-प्रणाली वापरतात. टॅबला तिचा एल१ दर्जा नसून एल३ असेल, तर पडद्यावर बिंदू कितीही असले तरी अशा अनेक सेवा साध्या दर्जाचेच चित्र पाठवतात. हा दर्जा खोक्यावर क्वचितच छापलेला असतो. टॅबवर एखादे तपासणी-अ‍ॅप उतरवून तो दिसतो. विक्रेता असे तपासू देत नसेल तर परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावा आणि त्या मुदतीत तपासावा.

प्रश्न : सिमकार्डाचा टॅब घ्यावा की फक्त वाय-फायचा?
— एक वाचक

उत्तर : फोनवरून इंटरनेट जोडून घेणे आपल्याला जमत असेल, तर वाय-फायचा टॅब पुरतो. अपवाद नकाशांचा. वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, ते फक्त सिमकार्डाच्या आयपॅडमध्ये असते; त्यामुळे गाडीत दिशा पाहण्यासाठी किंवा शेताची, जागेची मोजणी करण्यासाठी आयपॅड वापरायचा असेल तर सिमकार्डाचाच घ्यावा लागेल. अँड्रॉइड टॅबमध्ये हे मॉडेलनुसार बदलते, म्हणून माहितीपत्रकात जीपीएस हा शब्द शोधूनच पैसे द्यावेत. सिमकार्डाचा आयपॅड घेतला तरी त्यावरून फोनसारखे साधे कॉल करता येत नाहीत, हेही घेण्याआधी ध्यानात असू द्यावे.