पुतळ्याला ऑइलपेंट मारण्याआधी थांबा

ताई, मारियामातेच्या जुन्या लाकडी पुतळ्याला सणाआधी ऑइलपेंट मारायचा घाट तुमच्या चर्चच्या पॅरिश कमिटीने घातलाय, हे वाचून आमचेच जुने दिवस आठवले. रंगाऱ्याला आजच थांबवा. अशा पुतळ्यांवर बहुधा सरस-खडूचा पांढरा थर, त्यावर तांबडी माती आणि त्यावर सोन्याचा वर्ख असतो. रंगाआधी त्यावर पॉलिशपेपर फिरला की संपलं.

आमच्या पुतळ्याचं नुकसान मात्र रंगाऱ्याने नाही, एका कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. शंभर वर्षांवरच्या मूर्तीची 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून आम्ही रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं: पाहणी होईपर्यंत हात लावू नका, प्लास्टिकमध्ये बांधून कुलपात ठेवा. पाहणीला साहेब उगवले ते पावसाळा उलटल्यावर. प्लास्टिक सोडलं तर आतून पाणी सुटलेलं, झग्याच्या चुण्यांत काळी बुरशी, आणि गुडघ्यावरचा वर्ख प्लास्टिकलाच चिकटून आला. साहेबांनी टेपने उंची मोजली, 'सद्यस्थिती'च्या रकान्यात 'चांगली' लिहिलं आणि चहा घेऊन गेले! तक्रार केली तर म्हणे, जतन करणं आमच्याकडे येत नाही, आम्ही फक्त नोंद करतो. मग प्लास्टिकचा सल्ला कोणत्या अधिकारात दिलात?

तेव्हा माझं मत असं (मी तज्ज्ञ नाही, वकील तर नाहीच): नोंदणीचे कागद फिरू द्या, देखभाल त्यासाठी अडवू नका. धुतलेल्या मांजरपाटाने पुतळा सैल झाका, ओल्या भिंतीपासून दूर, हवेशीर जागी ठेवा. वाळवीचं औषध पुतळ्यावर फवारू नका, ओलीने सरस सुटतो. बारीक भोकांतून पीठ गळत असेल तर ती वाळवी नसून लाकूड पोखरणारा भुंगा असेल, त्याचा उपाय वेगळा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे फोटो घेऊन जा. पैसे लागतील. सणाच्या बँडबाज्यातून कापा, काही बिघडत नाही.

कमिटी ऐकत नसेल तर सगळ्यांना जुन्या गोव्याला न्या. तिथलं ख्रिस्ती कला संग्रहालय 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या शाळेत) सुरू झालं, नंतर सांता मोनिकाच्या मठात आलं. जुनी मूर्ती जुनीच किती देखणी दिसते ते प्रत्यक्ष बघू देत. पत्रकं वाटून कोणी बदलत नाही.

हस्तिदंताचं काही सापडलं तर विकायची भाषासुद्धा नको, वन्यजीव कायदा आडवा येतो. फादरांचे जुने जरीचे झगे हँगरला टांगू नका, वजनाने खांद्यावर फाटतात. सपाट ठेवा, घडीत मऊ कापडाची गुंडाळी घाला. आणि चांदीच्या चषकाला पितळ घासायचं पॉलिश लावणाऱ्या मावशींना कोणीतरी प्रेमाने समजवा. आमच्याकडच्या अजून ऐकत नाहीत.