विळ्याला ‘पाणी पाजणे’ म्हणजे टेम्परिंग का?

लोहार विळ्याला किंवा छिन्नीला ‘पाणी पाजतो’, त्याला इंग्रजीतले टेम्परिंग म्हणावे का, आणि ‘पाणीदार’ हा शब्द त्यातूनच आला का, असा प्रश्न आहे. भाषांतरात सर्रास टेम्परिंग लिहिले जाते, पण ते अर्धेच बरोबर आहे.

पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुरेसे वर तापवले की त्यातील अणूंची मांडणी बदलून ऑस्टेनाइट तयार होते आणि त्यात कार्बन सहज विरघळतो. ते हळूहळू निवू दिले तर कार्बन बाहेर पडून फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंड) आणि सिमेंटाइट (लोखंड व कार्बनचे संयुग) यांचे एकाआड एक पातळ थर, म्हणजे पर्लाइट, तयार होतात. असे पोलाद तुलनेने मऊ राहते. तेच लालबुंद असताना पाण्यात बुडवले तर कार्बनला बाहेर पडायला अवसरच मिळत नाही, तो अणूंच्या जाळीत अडकून तिला ताणून धरतो, आणि आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे मार्टेन्साइट तयार होते. ते अतिशय कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळही. ही झाली पहिली क्रिया. कारखान्यात तिला हार्डनिंग म्हणतात आणि नुसत्या बुडवण्याला क्वेंचिंग. टेम्परिंग त्यानंतरचे: अवजारांसाठी साधारण २०० ते ३०० अंशांपर्यंत पुन्हा तापवून थोडा कठीणपणा सोडायचा आणि चिवटपणा मिळवायचा.

लोहार मात्र या दोन्ही क्रिया एकाच तावात उरकतो. छिन्नीचे फक्त टोक पाण्यात बुडवून तो बाहेर काढतो, विटेच्या तुकड्यावर घासून उजळवतो, आणि मागच्या दांड्यात उरलेली उष्णता टोकाकडे सरकत असताना उमटणारे रंग पाहत थांबतो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाशी पोचला की पुन्हा पाणी. म्हणून त्याच्या तोंडी एकच शब्द आहे, आणि त्याच्या कामापुरता तो अचूक आहे. (साध्या सळईत कार्बन फार कमी असल्यामुळे तिला कितीही पाणी पाजले तरी तिची छिन्नी होत नाही; ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची मात्र उत्तम होते.)

‘पाजणे’ ही कल्पना जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, खड्गलक्षण सांगताना ‘पायितम् आयसम्’, म्हणजे पाजलेले पोलाद, असा प्रयोग आहे. तिथे केळीचा क्षार ताकात मिसळून दिवसभर ठेवलेले द्रव पाजायला सांगितले आहे. पाजायचे ते पाणीच असले पाहिजे असे नाही. आजही अनेक पोलादे तेलात बुडवतात, कारण पाण्याच्या झटक्याने ती तडकतात.

‘पाणीदार’बाबत मी सावध राहीन. फारसीतही ‘आब’ म्हणजे पाणी, आणि ‘आबदार’ हे विशेषण तलवारीला व मोत्याला सारखेच लागते. मराठीत मोत्याचे पाणी म्हणजे तेज, शस्त्राचे पाणी म्हणजे कस. ‘पाणीदार डोळे’ मला मोत्याकडचे वाटतात, तर ‘एखाद्याचे पाणी जोखणे’ शस्त्राकडचे. ‘कोण किती पाण्यात आहे’ याचा या दोघांशीही संबंध नाही, तिथे पाण्याची खोली आहे.

तेव्हा लोहाराच्या भात्याजवळचे वर्णन असेल तर ‘पाणी पाजणे’ खुशाल लिहावे. अभियांत्रिकीच्या पुस्तकात मात्र टेम्परिंगला ते वापरू नये, कारण तिथे ज्या क्रियेत पोलाद खरोखर पाण्यात जाते ती टेम्परिंगच्या आधीची आहे.