शिक्षकांना पहिल्यांदाच प्रशिक्षण देताय? आधी एवढं सांभाळा

पहिलंच सत्र, धाकधूक असणारच. सिद्धान्ताचं सगळं ओझं आत्ता उचलू नका. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी प्रौढांच्या शिकण्याबद्दल जे मांडलं, त्यातलं एकच आधी धरा: मोठ्या माणसाला शिकण्याआधी ‘हे मला कशाला?’ याचं उत्तर हवं असतं.

म्हणून सुरुवात व्याख्येने नको. चार दिवस आधी शिक्षकांना विचारा, “सध्या वर्गात नेमकं कुठे अडतंय?” ‘अपूर्णांकांच्या बेरजेत मुलं छेदही मिळवतात’ असं उत्तर आलं, की तुमचं सत्र तिथेच सापडलं. मुलांच्या वह्या मागवा, चुका एकत्र वाचा, उपाय त्यांनाच सुचवू द्या. वीस वर्षं शिकवलेल्या बाई समोर असतील, तर त्यांचा अनुभव हीच तुमची सामग्री.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- स्लाइड वाचून दाखवणं.
- मोठ्यांना बालवाडीसारखे खेळ खेळायला लावणं. फार अपमान वाटतो हो.
- एका दिवसात सगळं उरकणं.

तिसरी चूक सर्वांत महाग. सत्रात पटलेली गोष्ट वर्गात पहिल्यांदा बहुधा फसते. तेव्हा सोबत कोणी नसेल, तर जुनी पद्धत लगेच परत येते. दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा.