पेशीतील हिरवी चमक नेमकी कशाची?

प्रश्न : पेशींतील हायड्रोजन पेरॉक्साइड पाहण्यासाठी आम्ही डीसीएफएच-डीए हे रंगद्रव्य वापरतो, परंतु कोणतेही औषध न दिलेल्या पेशीही हिरव्या चमकतात. असे का होते?

उत्तर : हे रंगद्रव्य पेशीत शिरल्यावर तेथील एस्टरेझ एन्झाइमे (एस्टर बंध तोडणारी प्रथिने) त्याचे ॲसिटेट गट तोडतात आणि उरलेल्या रंगहीन डीसीएफएचचे ऑक्सिडीकरण होऊन डीसीएफ तयार होते, जे ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात हिरवे चमकते. तो निळा प्रकाशही हे ऑक्सिडीकरण घडवतो, म्हणून तुम्ही फोकस लावत असतानाच पेशी उजळू लागतात. फोकस साध्या प्रकाशात लावावा आणि निळा प्रकाश फक्त छायाचित्रापुरता द्यावा.

त्याहून गंभीर बाब अशी की, एकटे हायड्रोजन पेरॉक्साइड हे ऑक्सिडीकरण जवळजवळ करतच नाही. त्याला लोह, पेरॉक्सिडेझ (पेरॉक्साइड वापरून ऑक्सिडीकरण घडवणारे एन्झाइम) किंवा सायटोक्रोम-सी (मायटोकॉन्ड्रियातील लोहयुक्त प्रथिन) यांची जोड लागते. त्यामुळे मरणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडले, तर पेरॉक्साइड न वाढताही चमक वाढते. शिवाय अभिक्रियेत मध्येच तयार होणारा रंगद्रव्याचा मुक्तमूलक (अतिशय क्रियाशील रेणू) ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतो आणि त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते, म्हणजे जे मोजायचे, तेच हे रंगद्रव्य स्वतः निर्माण करते. अशा चमकीला थेट ‘पेरॉक्साइडचे प्रमाण’ म्हणणे मला मान्य नाही. पेरॉक्साइडच मोजायचे असल्यास हायपर (HyPer) हे पेरॉक्साइडला प्रतिसाद देणारे चमकणारे प्रथिन वापरावे, मात्र सामू (pH) बदलल्यानेही त्याची चमक बदलते, हे तपासूनच.