जुनं कौलारू घर घेताना: दुरुस्तीचं कर्ज आणि छप्पर

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

गोव्यात बार्देश तालुक्यातलं जुनं कौलारू घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि त्यातच राहायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. अशी घरं माणसांविना ढासळताना बघवत नाहीत. पण इसार देण्याआधी इंजिनिअरला घेऊन त्या घरी जा आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक हातात घे. बहुतेक लोक आधी घर घेतात, मग दुरुस्तीचा हिशेब मांडतात, आणि तिथेच अडकतात.

घर घेण्याचं कर्ज आणि दुरुस्तीचं कर्ज ही बँकेत बहुधा दोन निराळी कर्जं असतात. समज, घर ४८ लाखांचं आहे. तीस लाखांच्या वरच्या, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, म्हणजे ३८.४ लाख. तू ९.६ लाख जमवून बसतोस. पण बँकेचा मूल्यमापक मातीच्या भिंती आणि कुजके वासे बघून ४२ लाखच लिहितो. कर्ज झालं ३३.६ लाख, आणि तुझ्या खिशातून १४.४ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळीच. ती या मूल्यात धरत नाहीत. दुरुस्ती १५ लाखांची आणि बँक त्यातले ८० टक्के देते असं धरलं, तर आणखी ३ लाख तुझे. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं आणि नऊ टक्क्यांनी १० वर्षं असे दोन्ही हप्ते मिळून महिन्याला सुमारे ४४ हजार होतात. दुरुस्ती चालू असेपर्यंत भाड्याच्या खोलीचं भाडं त्यावर. हे झेपत नसेल तर लहान घर बघ.

दोन्ही अर्ज एकाच बँकेत, एकाच वेळी कर. घर एकदा एका बँकेकडे गहाण पडलं की दुसरी बँक सहसा त्याच्या दुरुस्तीला पैसे देत नाही. ‘पुढे टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, घेऊ’ यावर विसंबू नकोस; काही महिने हप्ते नियमित भरल्याशिवाय तो बहुधा मिळत नाही, आणि तोवर पाऊस येतो.

आता कागद. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना नीट वाच. मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, नाव असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. जुन्या घराला वारस पुष्कळ असतात. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांमधली वाटणी, झाली आहे का, आणि विकणाऱ्या प्रत्येकाच्या पती किंवा पत्नीची सही मिळणार आहे का, हे आधी विचार. गोव्यात जोडीदाराच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही, आणि परदेशातली एक सही राहिली तरी बँक पैसे सोडत नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. घर नदीकाठी किंवा समुद्राजवळ असेल तर ते १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचं असल्याचा कागद माग. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण क्षेत्र वाढवता येत नाही. दुरुस्तीचा परवाना पंचायतीकडून घे. तो नसेल तर बँकेकडून मिळणाऱ्या पैशांचा पहिला हप्ताच अडतो.

आणि हा बँकेकडून येणारा हप्ता! इथेच सगळं बिघडतं. बँक दुरुस्तीचे पैसे टप्प्याटप्प्याने देते. आधी तुझे पैसे लागतात, मग तिचा इंजिनिअर येऊन काम बघतो, मग पुढची रक्कम. अंदाजपत्रकात छप्पर, नळकाम, वायरिंग, गिलावा, लादी असे वेगळे टप्पे लिहून घे आणि छप्पर पहिल्या टप्प्यात बसव. ‘किरकोळ दुरुस्ती, एकूण १५ लाख’ असा एका ओळीचा कागद देऊ नकोस. कौलं उतरवलेली, इंजिनिअर आलेला नाही, सुतार पैशांसाठी थांबलेला आणि मे संपत आलेला, असं झालं तर पहिल्याच पावसात मातीच्या भिंती भिजून सुटतात. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. छप्पर एप्रिलअखेर बंद व्हायला हवं. अंदाजपत्रकाच्या १५ ते २० टक्के रक्कम स्वतःजवळ वेगळी ठेव. वासे उघडल्यावर वाळवी किती आत गेली आहे ते कळतं.

वाशांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथेच ती कुजतात. स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. सहज आत गेला तर तो वासा बदलायचा. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे १२० चौरस मीटर उताराला १८००. वर १० टक्के फुटीसाठी. दुकानात जाताना जुनं कौल बरोबर ने. कंपनी बदलली की खाच बसत नाही आणि रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर चुकतं.

मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नकोस, कंत्राटदार कितीही आग्रह करो. जमिनीतली ओल वर चढते, सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रा फुगून गळतो. चुन्याचा गिलावा, एकास तीन वाळू, आणि तोही छपराचं काम संपून भिंती वाळल्यावर. अंगणातलं पाणी जोत्यापासून दूर नेणारा चर मात्र पहिल्याच महिन्यात खण.

शक्य असेल तर घर जुलैत एकदा बघून ये, दुपारी, मोठा पाऊस चालू असताना. गळती कुठे आहे ते तेव्हा कळेल आणि भावही त्यावर बोलता येईल.

कळावे.

ता.क. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या खरेदी-कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत सूट आहे, दुरुस्तीच्या व्याजावर फक्त ३० हजार, आणि तीही त्याच २ लाखांच्या आत. म्हणून दोन्ही कर्जांच्या व्याजाचे दाखले बँकेकडून वेगळे माग.