हरणाचं मांस मटणापेक्षा पौष्टिक असतं का, आणि ते कुकरला किती शिट्ट्या शिजवायचं?

तुम्ही म्हापशाचे, नोकरीसाठी इंग्लंडला निघालाय, जिमला जाता. तिथं हरणाचं मांस दुकानात उघड मिळतं, त्यात चरबी कमी आणि प्रोटीन जास्त असतं असं कुठंतरी वाचलंय, तर मटण सोडून तेच रोज खाल्लं तर कसं, असा तुमचा प्रश्न. आणि शेवटी शिट्ट्या किती. बाकीचं मी सोडून दिलं असतं, पण शिट्ट्यांचं वाचलं आणि राहवलं नाही. मी स्कॉटलंडमधल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आणि या शिट्ट्यांवरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

पौष्टिकतेचं आधी उरकतो. चरबी काढलेल्या 100 ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात साधारण 23 ग्रॅम प्रथिनं, अडीच ग्रॅमच्या आसपास चरबी आणि 120 कॅलरी. लोह साडेतीन मिलिग्रॅमच्या जवळपास. ऐकायला झकास आहे. आता आपल्या बोकडाचं बघा: प्रथिनं 20-21 ग्रॅम, चरबी तेवढीच, कॅलरी 110 च्या आत, लोह पावणेतीन मिलिग्रॅमच्या पुढं. फरक कुठं आहे? तिकडचे लोक हरणाचं कौतुक करतात ते त्यांच्या गोमांसाशी आणि चरबीदार कोकराशी तुलना करून. आपण मटण म्हणतो ते बोकडाचं, आणि बोकड मुळातच सडपातळ जनावर. आपल्या मटणात चरबी येते ती आपण खाटकाला ‘थोडी चरबी पण टाक’ म्हणतो म्हणून, आणि वरून खोबऱ्याचं वाटण. तेव्हा पौष्टिक म्हणून मटण सोडायची काही गरज नाही. चव आवडली तर खा. इंग्लंडमध्ये मात्र ‘लँब’ म्हणून कोकराचं मांस मिळेल, ते आपलं मटण समजू नका. तिथं हरीण खरोखर हलकं पडतं.

आता भावोजी. ताई आणि भावोजी एकदा हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आले होते. तो तिकडे हरणीच्या मांसाचा मोसम. तिथल्या डोंगरांत लांडगा उरला नाही, वाघ-बिबटे तर नव्हतेच. कळप वाढले की कोवळी झाडं खाऊन संपवतात, म्हणून परवान्यानं आणि मोसम बघून मारतात. आमच्या हॉटेलला अख्खं जनावर यायचं, थंड खोलीत टांगलेलं असायचं, आणि त्याचं मांस हाडांवरून सोडवायचं काम बरेचदा माझ्याकडे असायचं. मी भावोजींसाठी मुद्दाम पाठीच्या कण्याशेजारचा लांब गर आणला आणि शागोतीसाठी (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा गोव्याचा रस्सा) खांदा. गर म्हणजे त्या जनावराच्या सगळ्यात मऊ भागांपैकी एक. किंमतही तशीच.

भावोजींनी सामानातून माडाच्या व्हिनेगरची बाटली काढली. म्हापशाच्या बाजारातून, माझ्यासाठीच आणलेली. म्हणाले, रानातलं जनावर आहे, उग्र वास मारणार, रात्रभर व्हिनेगरात ठेव आणि उद्या सात शिट्ट्या. मी म्हटलं, अहो, हे थंड खोलीत नीट टांगलेलं मांस आहे, याला वास कुठला? तर म्हणे, ‘तुका काय कळटा, आमच्या आज्यान मेरवाचें मास किती खाल्लां!’ (मेरू म्हणजे सांबर.) आता त्यांच्या आजोबांकडे फ्रीज नव्हता, जनावर म्हातारं की कोवळं हे मिळेल तसं, आणि पावसाळी हवेत मांस टिकवायचं तर आंबट लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते त्या काळी बरोबर होतं. पण ताज्या कोवळ्या गराला रात्रभर व्हिनेगर लावलं की वरचा थर पिठूळ होतो आणि आत काही पोचत नाही.

शेवटी ताईनं तोडगा काढला: अर्धा गर त्यांचा, अर्धा माझा. माझ्या अर्ध्यावरचा चंदेरी पापुद्रा सुरीनं काढला (हा शिजत नाही, आक्रसतो आणि तुकडा वाकडा करतो, काढलाच पाहिजे), कापडानं कोरडा केला, मीठ-मिरपूड, जाड बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला, थोडं तेल, शेवटी लोणी आणि ठेचलेली लसूण. बाजू बदलत काही मिनिटं, मग ताटात झाकून ठेवला. कापला तेव्हा आत गुलाबी.

भावोजींनी ताट मागं सारलं. ‘रगत दिसता मरे! हें कच्चें!’

हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय, आज लेखी सांगतो. ते रक्त नसतं. रक्त जनावर मारल्यावरच वाहून जातं. तो लाल रस म्हणजे पाणी आणि स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन. हरणाच्या मांसात ते भरपूर, म्हणून त्याचा रंग इतका गडद, आणि ज्या लोहासाठी तुम्ही ते खायला निघालाय त्यातलं बरंचसं लोह याच प्रथिनात असतं. भावोजींचा अर्धा दुसऱ्या दिवशी कुकरमधून निघाला तो करडा, रेषारेषांचा. रस्सा उत्तम होता, कारण मसाला ताईचा. मांस चावून चावून भाच्याचे गाल दुखले. भावोजींनी मात्र पाव बुडवून बुडवून सगळं संपवलं आणि वाळपईला परत जाऊन सांगितलं की मेव्हण्यानं कच्चं मांस वाढलं. अजून सांगतात. मागच्या चतुर्थीला, माझ्यासमोर.

का असं होतं ते साधं आहे. डुकराच्या मांसात, किंवा खाटकानं चरबी टाकलेल्या मटणात, ती चरबी शिजताना वितळून तोंडात ओलावा देते. हरणाच्या मांसात आतून चरबी जवळजवळ नाहीच. तापमान 65 अंशांच्या वर गेलं की तंतू आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. मग उरतो तो कापूस. म्हणून पाठीचा गर आणि मांडीचे मऊ तुकडे झटपट, कडक आचेवर, शिट्टी एकही नाही. खांदा, मान, नळी यांत मात्र शिरा आणि पापुद्रे भरपूर. त्यांतलं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन मंद आचेवर दोन-अडीच तासांत विरघळतं आणि रस्सा दाट, चिकट होतो. खांद्याची शागोती करा: खोबरं, खसखस, धने, काश्मिरी मिरच्या, चक्रीफूल, जायफळ, सगळं भाजून. तिथं ताजा नारळ बरा मिळत नाही, सुकं खोबरं घ्या. हरणाला हे वाटण मटणापेक्षा जास्त मानवतं असं माझं मत आहे, कारण मांसाला स्वतःची ठसठशीत चव असते आणि मसाल्याखाली ती दबत नाही. खांद्याला कुकरही चालतो. हे भावोजींना सांगू नका.

संतुलित आहार वगैरे म्हणाल तर हरीण हेही लाल मांसच. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की ज्यांचं लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस रोज 90 ग्रॅमच्या वर जातं त्यांनी ते 70 वर आणावं, शिजवलेल्या मांसाचं वजन धरून. रोज खायची वस्तू नव्हे ती. घरी सोमवार-गुरुवार पाळत असाल तर तिकडेही पाळा, आपोआप हिशेब बसतो. सोबत पालेभाजी आणि लिंबू पिळलेली कोशिंबीर हवी, कारण मांसात चोथा शून्य. तांबडी भाजी तिथं सहज मिळणार नाही, पालक किंवा केल नावाची पालेभाजी घ्या.

जे आधी लिहायला हवं होतं ते आता. हे सगळं तिकडचं. गोव्यात हरीण, सांबर, भेकर, काहीही खायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि मांस जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. गाडीखाली मेलेलं जनावर सापडलं तरी ते सरकारचं. ‘शिकार आहे, येतोस?’ असा फोन गोव्याच्या सत्तरी तालुक्यात अजून येतो. जाऊ नका. आजोबा खायचे हे भावोजींचं उत्तर मला पाठ आहे. 2020 च्या जानेवारीत त्याच सत्तरीतल्या गोळावली गावात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेले. आपल्या रानातला वाघ सांबर-भेकरांवर जगतो; त्याचं जेवण आपण पळवायचं आणि तो गोठ्यात शिरला की ओरडायचं, हे मला पटत नाही.

आणखी थोडं. शिकारीचं मांस शिशाच्या गोळीनं मारलेलं असेल तर शिशाचे कण जखमेपासून लांबपर्यंत पसरतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी ते टाळावं; पाळीव हरणाचं मांस घेतलं तर हा प्रश्न सहसा येत नाही. गुलाबी ठेवायचं ते फक्त अखंड तुकड्याचं. खिमा असेल तर आतपर्यंत 71 अंश, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी सगळंच पूर्ण शिजवलेलं, तिथं माझा तवा बाजूला ठेवा. युरिक ॲसिडचा त्रास असेल तर हरीणही जपून. भावोजींना डॉक्टरांनी हेच सांगितलंय. ते म्हणतात, हरीण गवत खातं, त्यानं युरिक ॲसिड वाढत नाही. बोकडही गवतच खातो. वाढतं.