स्थलांतरित वृत्तपत्रकाराचे घराणे कसे शोधावे : जोसेफ पुलित्झर यांच्या कागदपत्रांच्या आधारे

आपला प्रश्न मी असा समजलो आहे : १८६०च्या दशकात मध्य युरोपातून अमेरिकेत गेलेल्या आणि तेथे वृत्तपत्र चालवलेल्या एका गृहस्थांचा सविस्तर मृत्युलेख आपल्या हाती आहे. त्यात जन्मगाव, आईवडील, सैन्यातील सेवा असे सगळे आहे. पण त्यातील वय, धर्म आणि आगमनाचे वर्ष दुसऱ्या कोणत्याही कागदाशी जुळत नाही, म्हणून शोध तेथेच अडला आहे.

माझ्या मते अडचण मृत्युलेखावर प्रमाणाबाहेर विश्वास ठेवण्यात आहे. वृत्तपत्रकाराने आयुष्यभर इतरांविषयी लाखो शब्द छापलेले असतात, पण स्वतःविषयी जे छापून आलेले असते ते बहुधा त्याने सहकाऱ्यांना सांगितलेले, त्यांनी आठवणीतून लिहिलेले आणि पुढच्यांनी उतरवून घेतलेले असते. त्यामुळे ज्या कागदावर त्याला काही छापून आणायचे नव्हते, म्हणजे धर्मसंस्थेची नोंदवही, पलटणीचे हजेरीपत्रक, न्यायालयाची नोंद, मृत्युपत्र, तो कागद आधी पाहावा आणि मृत्युलेख शेवटी त्याच्याशी ताडून पाहावा. हे कसे करायचे ते मी हंगेरीतून अमेरिकेत जाऊन मोठे वृत्तपत्रमालक झालेल्या जोसेफ पुलित्झर यांच्या उदाहरणावरून सांगतो, कारण त्यांच्या बाबतीत दंतकथा आणि कागद दोन्ही मुबलक आहेत.

पुलित्झर यांचा जन्म १० एप्रिल १८४७ रोजी हंगेरीतील माको या गावी झाला. वडील फ्युलप हे धान्याचे व्यापारी, आईचे माहेरचे नाव एलिझे बेर्गर. जुन्या चरित्रलेखनात आई कॅथलिक होती असे छापले गेले आणि ते बरीच वर्षे तसेच पुढे चालत राहिले. नंतर हंगेरीतील संशोधकांनी स्थानिक नोंदी तपासल्या, तेव्हा आई आणि वडील दोघेही ज्यू होते हे स्पष्ट झाले. हंगेरीत शासकीय जन्ममृत्यू नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा जन्म शोधायचा तर त्या त्या धर्मसमाजाच्या नोंदवहीतच शोधावा लागतो. म्हणजे आईचा धर्म चुकीचा गृहीत धरला, की आपण चुकीच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे नाव शोधत बसतो. आपल्या मृत्युलेखातील धर्माविषयीचे विधान म्हणूनच मी सर्वांत आधी बाजूला ठेवीन आणि त्या गावातील सर्व धर्मसमाजांच्या नोंदी पाहीन. अशा अनेक नोंदवह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि ज्यू घराण्यांसाठी जूइशजेन या संकेतस्थळावरील सूच्या फार उपयोगी आहेत. नाव शोधताना योझेफ, जोसेफ, योसेफ अशी सगळी रूपे घ्यावीत आणि हंगेरियन कागदात आडनाव आधी येते हे ध्यानात ठेवावे. पुलित्झर हे आडनाव मोराव्हियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रांत) एका गावाच्या नावावरून आले असे मानले जाते. आडनाव गावावरून आले असेल तर घराण्याचा त्याआधीचा मुक्काम कोणत्या प्रांतात शोधावा याचा तो पहिला धागा असतो.

१८५३ च्या सुमारास हे कुटुंब पेश्तला (आजच्या बुडापेस्टचा भाग) गेले. १८५८ मध्ये वडील वारले, व्यवसाय बुडाला आणि आईने पुढे दुसरे लग्न केले. त्यामुळे आईचा पुढचा माग पुलित्झर या आडनावाखाली लागत नाही. विधवा झालेल्या आईचा दुसरा विवाह हा या कामात फार वेळा निसटणारा दुवा आहे.

आगमनाविषयी बोलायचे तर नवे शोधकर्ते बहुधा एलिस बेटाच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राच्या, याद्यांपासून सुरुवात करतात, आणि मीही पहिली दोन वर्षे त्यातच घालवली. ते केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले. त्याआधी न्यूयॉर्कला आलेल्यांसाठी १८५५ पासून कॅसल गार्डन हे केंद्र होते, आणि पुलित्झर तर १८६४ मध्ये बोस्टनला उतरले. ऑस्ट्रियाच्या सैन्यासह इतर सैन्यांनी त्यांना अधू दृष्टी आणि नाजूक प्रकृती यांमुळे नाकारले होते; हॅम्बुर्गमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातील उत्तरेकडील सैन्यासाठी माणसे गोळा करणाऱ्यांनी त्यांना घेतले. बोस्टनच्या बंदरात जहाजावरून उडी मारून, पोहत किनारा गाठून त्यांनी भरतीचे बक्षीस, म्हणजे सैन्यात दाखल होणाऱ्याला मिळणारी रक्कम, दलालाच्या हाती न जाऊ देता स्वतः मिळवले, ही गोष्ट चरित्रांतून वारंवार येते. ती खरी असो वा नसो, तिच्यातून शोधाची दिशा मिळते : बक्षिसासाठी भरती झालेल्या माणसाचा सैनिकी कागद असलाच पाहिजे. पुलित्झर सप्टेंबर १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या घोडदळात, म्हणजे लिंकन घोडदळात दाखल झाले आणि युद्ध संपल्यावर जून १८६५ मध्ये मुक्त झाले. अशा स्वयंसैनिकांच्या सेवेचे कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत सामान्यतः वय, जन्मदेश, उंची, डोळ्यांचा रंग आणि व्यवसाय आढळतो. विधवेने निवृत्तिवेतन मागितले असेल तर त्या फायलीत विवाहाचा पुरावा आणि मुलांच्या जन्मतारखाही मिळतात. आपल्या गृहस्थांनी खरोखर सैन्यसेवा केली असेल, तर मी तेथे अवश्य अर्ज करीन.

नागरिकत्वाच्या नोंदीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण वयाचा घोटाळा बहुधा येथेच उलगडतो. १९०६ पूर्वी हे काम अनेक प्रकारची न्यायालये करीत असत आणि त्यांच्या कागदांत पुष्कळदा नाव, तारीख आणि कोणत्या राजाशी असलेली निष्ठा सोडली एवढेच असते. जन्मगाव मिळेलच असे नाही. सर्वसाधारण अट पाच वर्षांच्या वास्तव्याची होती. पुलित्झर मात्र ६ मार्च १८६७ रोजी, म्हणजे तीन वर्षेही पूर्ण होण्याआधी, सेंट लुइस येथे नागरिक झाले. जुलै १८६२ च्या कायद्याने सन्मानाने मुक्त झालेल्या परदेशी सैनिकाला एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व मिळू शकत असे. एवढ्या लवकर मिळालेल्या नागरिकत्वाचा मेळ या तरतुदीशी बसतो. परंतु तिला २१ वर्षे वयाची अट होती, आणि जन्मतारीख पाहता पुलित्झर यांना त्या दिवशी वीसही पूर्ण झाली नव्हती. १८६९ मध्ये ते मिसूरीच्या विधिमंडळावर निवडून आले, तेव्हाही ते त्या पदासाठी ठरलेल्या वयापेक्षा लहान होते. म्हणून केवळ दोनतीन वर्षांच्या फरकामुळे एखादा कागद दुसऱ्याच माणसाचा आहे असे ठरवून टाकू नये. त्या वयाचा त्या क्षणी त्याला काय उपयोग होता हे आधी पाहावे.

वृत्तपत्रांतील शोध इंग्रजी पत्रांपुरता ठेवणे ही आणखी एक मोठी चूक आहे. पुलित्झर यांना १८६८ मध्ये नोकरी मिळाली ती ‘वेस्टलिखे पोस्ट’ या सेंट लुइसच्या जर्मन भाषेतील दैनिकात, एमिल प्रीटोरियस आणि कार्ल शुर्त्स यांच्या हाताखाली. मध्य युरोपातून आलेल्या पुष्कळ लेखक-मुद्रकांनी अशा जर्मन पत्रांतूनच सुरुवात केली, आणि विवाह, वर्गणीदारांच्या सभा, जर्मन मंडळांच्या निवडणुका यांच्या बारीक बातम्या तेथेच मिळतात. ही पत्रे जुन्या गॉथिक वळणात छापलेली असल्यामुळे संगणकीय शोध फसतो : त्या लिपीतील लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो आणि ‘बी’ व ‘व्ही’ यांची गल्लत होते. अशा चुकीच्या रूपांनीही नाव शोधावे आणि जेथे तारीख साधारण ठाऊक आहे तेथे पाने डोळ्यांनी चाळावीत.

यापेक्षाही अधिक फळ मला भावंडांच्या शोधातून मिळाले आहे. जोसेफ यांची बहुतेक भावंडे लवकर गेली, पण १८५१ मध्ये जन्मलेले धाकटे भाऊ आल्बर्ट अमेरिकेत आले आणि त्यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कला ‘मॉर्निंग जर्नल’ काढले. ते त्यांनी १८९५ मध्ये विकले आणि त्याच वर्षी ते पत्र वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या हाती जाऊन जोसेफ यांच्या ‘वर्ल्ड’ या न्यूयॉर्कच्या दैनिकाचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले. आल्बर्ट यांचा शेवट १९०९ मध्ये व्हिएन्नात झाला. प्रसिद्ध भावाने जे सांगितले नाही ते कमी प्रसिद्ध भावाच्या नोंदींतून कळते, कारण दोघांचे आईवडील आणि जन्मगाव एकच असते, आणि दुसऱ्याला ते लपवण्याचे कारण असतेच असे नाही.

विवाहाची नोंदही अपेक्षित जागी असेल असे धरू नये. सेंट लुइसचे रहिवासी असलेले पुलित्झर १९ जून १८७८ रोजी केट डेव्हिस यांच्याशी विवाहबद्ध झाले ते वॉशिंग्टनच्या एपिफनी या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतील प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये. म्हणजे वधूचे शहर आणि वधूचा पंथ. मुलांसाठी १८८० आणि १९०० ची जनगणना ताडून पाहावी. १८८० च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते प्रथमच लिहिले गेले आणि १९०० च्या जनगणनेत आगमनाचे वर्ष आहे. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर उरले नाहीत. त्या वीस वर्षांच्या पोकळीत जन्मून वारलेले मूल जनगणनेत कोठेच दिसत नाही. पुलित्झर यांची कॅथरीन एथेल ही मुलगी १८८२ मध्ये जन्मली आणि १८८४ मध्ये न्यूमोनियाने गेली. अशा बाळांचा माग बहुधा दफनभूमीच्या नोंदवहीतून लागतो.

मृत्यूच्या ठिकाणाबद्दलही तेच. पुलित्झर न्यूयॉर्कचे म्हणून ओळखले जातात आणि ब्रॉन्क्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन झाले, परंतु २९ ऑक्टोबर १९११ रोजी त्यांचा मृत्यू दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदरात, ‘लिबर्टी’ या स्वतःच्या नौकेवर झाला. त्या राज्यात मृत्युनोंदणी १९१५ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या मृत्यूसाठी चार्ल्स्टन शहराच्या स्वतंत्र नोंदी पाहाव्या लागतात. मृत्युपत्र मात्र वास्तव्याच्या ठिकाणच्या न्यायालयात असते, आणि वारसांची नावे, नाती व पत्ते शपथेवर नोंदलेले असतात ते तेथेच. पुलित्झर यांच्या मृत्युपत्राने ‘वर्ल्ड’ विकण्यास मनाई केली होती. १९३१ मध्ये मुलांनी न्यायालयाकडून विक्रीची परवानगी मिळवली. वारसांमध्ये असा वाद झाला असेल तर शोधकर्त्याच्या दृष्टीने ती मोठी ठेव आहे, कारण पक्षकारांना आपले नाते सिद्ध करावे लागते.

आपल्या गृहस्थांच्या बाबतीत मी आधी मृत्युपत्र, मग सैनिकी कागद, मग नागरिकत्व आणि त्यानंतरच जन्मगावची नोंदवही या क्रमाने जाईन. मृत्युलेखात दफनभूमीचे नाव, पलटणीचा क्रमांक किंवा एखाद्या भावाबहिणीचा उल्लेख असेल, तर तेवढी वाक्ये जशीच्या तशी येथे द्यावीत. कोणत्या न्यायालयाला आणि कोणत्या अभिलेखागाराला लिहावे हे त्यावरून मला नेमके सांगता येईल.